न जुळणारं सील

फोन वाजला तेव्हा चौकशीबाई खुर्चीवर चढून बल्ब बसवत होत्या. बल्ब त्यांनी घरून आणला होता. कचेरीकडे मागितलेला बल्ब मंजुरीच्या कुठल्या टेबलावर अडकलाय, याची चौकशी करायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"बाई, वर या. ताबडतोब." खुद्द महासंचालकांचा आवाज. ते स्वतः कधी फोन करत नसत.

"काय झालं?"

"सील जुळत नाही."

बल्ब तसाच लोंबकळत ठेवून चौकशीबाई खाली उतरल्या. लिफ्ट बंद होती. जिना चढताना त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि त्यांनी मनातल्या मनात सगळ्या सभासद देशांच्या नावाने बोटं मोडली.

सगळ्या देशांनी मिळून ही संस्था उभी केली होती. काम एकच. देशोदेशीच्या अणुभट्ट्यांमधलं इंधन वीज करण्यातच खर्च होतंय, बॉम्बच्या वाटेला जात नाही, यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. भट्ट्या दरवर्षी वाढत होत्या. वर्गणी मात्र जिथल्या तिथे, आणि तीही देश अशी देत की जणू संस्थेने त्यांच्या खिशात हात घातलाय. आज दुपारी नव्या अंदाजपत्रकावर मतदान होतं. वाढ मागितली होती. ती मिळाली नाही तर निम्मे निरीक्षक घरी जाणार होते आणि चौकशी विभाग बंद होणार होता. चौकशी विभाग म्हणजे एकट्या चौकशीबाई.

महासंचालक कोट-मफलर घालूनच टेबलाशी बसले होते. बिल कमी यावं म्हणून हीटर बंद ठेवायचा हुकूम त्यांचाच. समोर निरीक्षणप्रमुख येरझाऱ्या घालत होते. त्यांचा आवाज असा की सगळी इमारत त्यांना पाठीमागे 'तोफ' म्हणे. आणि कोपऱ्यात, मांडीवर अंदाजपत्रकाची पुस्तिका धरून, अंदाजपत्रकप्रमुख बसले होते. हे चौकशीबाईंचे सख्खे धाकटे दीर.

"कुठलं सील?" चौकशीबाईंनी विचारलं.

"समुद्राकाठच्या भट्टीचं," तोफ गरजली. "वापरलेल्या इंधनाच्या कोठीवर दोन वर्षांपूर्वी लावलं होतं. माझा निरीक्षक परवा काढून घेऊन आला. काल उघडलं. आतल्या रेघा आणि आपल्याकडचा फोटो, दोन्ही वेगळे!"

ही सीलं चौकशीबाईंना माहीत होती. नाण्याएवढी तांब्याची डबी, एकमेकांत बसणाऱ्या दोन अर्ध्या भागांची. बंद करण्याआधी आत डाख, म्हणजे वितळवलेलं कथील, लावायचा आणि त्यावर सुईने वाटेल तशा रेघा ओढायच्या. कुठल्याही दोन डब्यांमधल्या रेघा सारख्या येत नाहीत. त्याचा फोटो काढून ठेवायचा, मग सील तारेने कोठीला अडकवायचं. परत आलं की उघडून फोटोशी ताडायचं. रेघा जुळल्या म्हणजे कुणी हात लावलेला नाही. जुळल्या नाहीत, तर मधल्या काळात कुणीतरी सील तोडून कोठी उघडली आणि दुसरं सील लावून ठेवलं.

"सभासद देशांच्या मंडळाला कळवलं?"

"नियमच आहे," महासंचालक म्हणाले. "सकाळीच कळवलं. सभागृहात नुसता गदारोळ आहे. आणि गंमत बघा..." त्यांनी नाक पुसलं. गंमत वाटावी असा त्यांचा चेहरा नव्हता. "कालपर्यंत तोंड फिरवणारे देश आज म्हणतायत, वाढ द्यायलाच हवी. निरीक्षक वाढवायलाच हवेत."

"मग मी कशाला?"

"त्या देशाच्या प्रतिनिधी बाहेर थैमान घालतायत. त्यांचं म्हणणं, घोळ आमच्याकडेच झालाय. मतदानाआधी चौकशी करून सांगा, असं मी कबूल केलंय."

चौकशीबाई म्हणाल्या, "साहेब, हे माझ्याकडे नको. भाओजींच्या विभागाचा यात संबंध निघाला तर लोक बोलतील. दुसऱ्या चौकशी अधिकाऱ्याला द्या."

"दुसरा आहे कुठे? ती जागा गेल्या वर्षी कापली."

"कोणी?"

सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"वहिनी, आकडे बसत नव्हते," भाओजी ओशाळून म्हणाले, आणि पुस्तिका त्यांच्या पुढे केली. "तुमच्या विभागाचं पान बघून घ्या. वाढ मंजूर झाली तर तुमची जागा शाबूत आहे."

पुस्तिकेचं मुखपृष्ठ राखी, कोरं. नुसतं नाव छापलेलं. रंगीत चित्र टाकायचं ठरलं होतं म्हणे, पण छपाईचा खर्च ऐकून ते गाळलं.

चौकशीबाईंनी पुस्तिका काखोटीला मारली आणि त्या तळघराकडे निघाल्या.

*

सीलखोलीत पूर्वी तिघं काम करत. आता एकच मुलगी उरली होती. सगळे तिला सीलवाली म्हणत. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

"बाई, माझी काही चूक नाही हो."

"तसं मी म्हटलं का? बस. सील दाखव."

भिंगाखाली उघडं सील ठेवलेलं होतं. डाखाचा पातळ थर आरशासारखा गुळगुळीत, त्यावर आडव्यातिडव्या रेघा. शेजारी पडद्यावर त्याच क्रमांकाचा फोटो. त्यातल्या रेघा साफ वेगळ्या. फोटोतल्या डाखावर पुरळ उठल्यासारखे बारीक दाणे दिसत होते. चौकशीबाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"जुळत नाही हे तुला कसं कळलं?"

"संगणक सांगतो. हिरवा दिवा म्हणजे जुळलं, लाल म्हणजे नाही. लाल लागला. मग मी डोळ्यांनी रेघा पाहिल्या, त्याही वेगळ्याच."

"निरीक्षकाने आणलं तेव्हा पिशवी नीट होती?"

"त्याच्या सहीची चिकटपट्टी शाबूत होती. मीच फोडली, तोफसाहेबांसमोर."

"हे फोटो राहतात कुठे?"

"आधी इथेच वेगळा संगणक होता. त्याचा खर्च नको म्हणून मागल्या वर्षी सगळे फोटो हिशोब विभागाच्या मोठ्या संगणकावर हलवले."

"तिथले फोटो उघडायचा परवलीचा शब्द कोणाकडे?"

"माझ्याकडे, तोफसाहेबांकडे आणि अंदाजपत्रकसाहेबांकडे. तिघंच."

"कोणी, कधी उघडले, याची नोंद राहत असेल."

सीलवालीने मान खाली घातली. "ती सोय पैसे भरून घ्यायची होती. भरले नाहीत."

"आणि जुन्या फोटोंची दुसरी प्रत?"

"तीही त्याच पैशांत होती."

चौकशीबाईंनी कपाळाला हात लावला. या इमारतीत कुठलंही दार उघडा, आत भोकच. आणि प्रत्येक भोकावर बचतीची पाटी.

बाकावर तयार होत असलेल्या नव्या सीलांचा ट्रे होता. चौकशीबाईंनी एक अर्धी डबी उचलून अंगठा फिरवला. खरखरीत लागलं.

"हे असं का?"

"नवा डाख. या वर्षीपासून सगळ्यात स्वस्त तोच घ्यायचा हुकूम निघाला. तापला की फुगतो, दाणे धरतो. सुई अडकते. दिवसभरात निम्मी सीलं होत नाहीत माझ्याच्याने. पण ऐकतं कोण?"

"सीलं बाहेरच्या कोणाला दाखवता कधी?"

"गेल्याच महिन्यात दाखवली ना. देशांचे प्रतिनिधी आले होते, वर्गणीचं काय होतं ते बघायला. त्यांच्यासमोर एक बनवून दाखवलं. टाळ्या वाजवल्या आणि गेले."

*

तोफ जिन्यातच भेटली.

"विचारा काय ते," निरीक्षणप्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा.

"वाढ मंजूर झाली तर सगळ्यात जास्त फायदा कोणाचा?"

"माझा. लपवू कशाला? माझी माणसं एका भट्टीतून दुसरीकडे धावतायत, घरी पोरांची तोंडं बघायला मिळत नाहीत. पैसे मिळणार असतील तर मी नाचेन. पण असे नाही मिळायला हवेत, बाई. कोठीतून इंधन गेलं असेल तर नाचायला कोण उरणार आहे?"

"फोटोंचा परवलीचा शब्द तुमच्याकडे आहे."

"आहे. वापरला कधी नाही. मला रोज सीलंच हाताळायला मिळतात, फोटो कशाला बघू? आता तर सीलंही बघवत नाहीत, त्या भिकार डाखामुळे. त्यावरून मी हिशोबवाल्यांशी किती वेळा भांडलो, विचारा तुमच्या भाओजींना."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, डाख तो डाख."

*

भाओजींच्या टेबलावर घरचा डबा न उघडता पडला होता. त्यांनी वहिनींसाठी खुर्ची पुढे केली.

"जेवला नाहीत?" चौकशीबाईंनी विचारलं.

"घशाखाली उतरत नाही. तुम्ही घ्या त्यातलं."

"नको. भाओजी, फोटोंचा परवलीचा शब्द तुमच्याकडे आहे."

"संगणक माझ्या विभागाचा, म्हणून आहे. पण त्यातलं मला काय कळतंय? बाटलीच्या झाकणासारखी ती झाकणं. मला सगळी सारखीच दिसतात."

"अंदाजपत्रक पास होईल?"

"आता होईल." त्यांनी डोळे चोळले. गेल्या वर्षभरात हा माणूस किती सुकलाय, हे चौकशीबाईंना एकदम जाणवलं. "वहिनी, मी किती दारं झिजवली सांगू? एका मंत्र्याने मला बाहेर ताटकळत ठेवलं, आणि शेवटी निघता निघता जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाला, 'काही झालं तर बघू.' काही झालं तर! अहो, काही होऊ नये म्हणून तर आपण आहोत. काहीच झालं नाही, हे आपलं काम. आणि काहीच झालं नाही म्हणून पैसे नाहीत. हे कोणाला समजावणार?"

स्वतःच्या खोलीत लोंबकळणारा बल्ब चौकशीबाईंना आठवला.

"घरी बोललात का हे?"

"घरी काय बोलायचं? ती विचारते, मी म्हणतो, आकडे. ती गप्प बसते."

*

त्या देशाच्या प्रतिनिधी पाहुण्यांच्या खोलीत खिडकीशी उभ्या होत्या. उंच, केस घट्ट बांधलेले. चौकशीबाई आत येताच त्या वळल्या.

"कबुली घ्यायला आलात?"

"विचारायला आले."

"मग ऐका. दुपारपर्यंत खुलासा झाला नाही तर आमचं सरकार तुमच्या निरीक्षकांना देशाबाहेर काढणार. मग बसा मोजत! आणि आमच्याकडे काय चाललंय, माहीत आहे? भट्टीवरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पोलिसांनी एका खोलीत कोंडलंय. त्यात माझा भाऊ आहे. सकाळपासून त्याचा फोन बंद आहे. वहिनीने मला तीनदा फोन केला. मी तिला काय सांगू?"

त्यांचा आवाज चिरकला. रागाने त्यांनी पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर आपटला. जुडग्याला तांब्याची एक छोटी डबी लटकत होती.

"हे बघा तुमचं सील! त्या दिवशी सगळ्यांना बोलावून मोठ्या कौतुकाने बनवून दाखवलंत, फोटो काढलात, पुस्तिकेवर छापणार म्हणालात. आणि वर मलाच भेट दिलंत, का तर वर्गणी वेळेवर देतो म्हणून. आता त्याच हाताने आम्हाला चोर ठरवताय."

चौकशीबाईंनी डबी उचलली.

"ही मला द्याल?"

"न्या. मला नकोच ती घरात."

चौकशीबाई जवळजवळ धावतच तळघरात गेल्या. सीलखोलीचं दार त्यांनी आतून लावलं. पक्कड वाजल्याचा आवाज आला. मग सीलवालीच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच बाहेर ऐकू आलं.

*

महासंचालकांच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. सीलवाली दाराशी उभी राहिली. मतदानाची वेळ जवळ आली होती.

"सांगा," महासंचालक म्हणाले. "कोठी कोणी उघडली?"

"कोणीच नाही," चौकशीबाई म्हणाल्या.

तोफेच्या येरझाऱ्या थांबल्या.

"सकाळपासून आपण सगळे सीलकडे बघतोय. सील खोटं, सील बदललं. सील खरं आहे. भट्टीवर दोन वर्षांपूर्वी लावलं तेच. खोटा आहे तो फोटो."

"कशावरून?"

"डाखावरून. सीलमधला डाख गुळगुळीत आहे. फोटोतला दाणेदार. दाणे धरणारा स्वस्त डाख या वर्षी आला. दोन वर्षांपूर्वी काढलेल्या फोटोत तो येईलच कसा?"

सीलवाली पुटपुटली, "मी नुसत्या रेघाच बघितल्या."

"रेघाच बघायचं तुझं काम. म्हणजे फोटो कोणीतरी बदलला. ते करू शकणारी माणसं तीन. पहिली ही. पण सील हिच्याच हातात होतं. हिला घोळ करायचा असता तर सुईने एक रेघ जास्त ओढली असती, काम झालं असतं. फोटोला हात लावायची गरज कोणाला? ज्याचा सीलला हात पोचत नाही त्याला."

"मग मी?" तोफेने विचारलं.

"तुमचाही सीलला हात पोचतो. पिशवी तुमच्यासमोर फुटली. आणि त्या डाखावरून तुम्ही रक्त आटवलंय. फोटो बदलायचाच असता, तर तुम्ही जुन्या, गुळगुळीत सीलाचा निवडला असता. हा फोटो निवडणाऱ्याला सगळी सीलं सारखीच दिसतात."

चौकशीबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. हात टेबलावर ठेवून त्या बोलत राहिल्या.

"तरी एवढ्यावर कोणावर बोट ठेवणं बरोबर नव्हतं. मग प्रतिनिधीबाईंच्या जुडग्याला हे सापडलं." त्यांनी उघडलेली डबी पुढे केली. "पाहुण्यांना बनवून दाखवलेलं सील. आम्ही ते आत्ता फोटोशी ताडलं. दिवा हिरवा लागला. समुद्राकाठच्या भट्टीच्या नावाने जो फोटो लावलाय, तो या डबीचा आहे. ती बनवली तेव्हा भट्टीचं सील तिकडे कोठीवर लटकत होतं. या डबीला कधी क्रमांक दिला नाही, तिचा फोटो संग्रहात गेलाच नाही. हो ना गं?"

"हो," सीलवाली म्हणाली. "तो संग्रहासाठी नव्हताच. पुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी मागितला होता. मी फक्त एकाच ठिकाणी पाठवला..."

"मुखपृष्ठ कोरं निघालं, म्हणून तो फोटो कोणी बघितलाच नाही," चौकशीबाई म्हणाल्या. "ज्याच्याकडे पाठवला, त्याच्याशिवाय." आता त्या वळल्या. "भाओजी."

भाओजींनी पुस्तिका मांडीवरून काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली. मग खिशातून एक छोटा पेनड्राइव्ह काढला आणि टेबलावर ठेवला.

"मूळ फोटो यात आहे," ते म्हणाले. "मी पुसला नाही. मतदान झालं की रात्रीतून परत लावणार होतो. संगणकाची गडबड होती, असं सांगितलं असतं. कोणाचं काही नुकसान झालं नसतं."

"नुकसान?" तोफ आता फुटली. "अहो, तिकडे माणसं कोंडलीयत!"

"ते मला माहीत नव्हतं. एवढ्या लवकर असं होईल असं वाटलं नव्हतं." ते फक्त वहिनींकडे बघत होते. "वहिनी, मी एक पैसा घरी नेला का?"

"नाही."

"कुठलं तरी बक्षीस, कुठली तरी बढती मागितली का?"

"नाही भाओजी."

"ते म्हणाले, काही झालं तर बघू. म्हणून मी काहीतरी झालेलं दाखवलं. बस. आणि बघितलंत ना? एका सकाळीत पैसे निघाले. इतकी वर्षं खरं बोलून एक दमडी वाढली नाही, ती एका खोट्या फोटोने वाढली. मला चोर म्हणा, पण हे खोटं आहे असं म्हणू नका."

महासंचालक मफलरशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, मतदान आत्ता सुरू होईल. हे आपण... नंतर सांगितलं तर?"

चौकशीबाईंना हे येणार हे माहीत होतं. जिना चढतानाच त्यांनी स्वतःला तोच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर 'हो' यावं असं त्यांना मनापासून वाटलं होतं. त्यांची स्वतःची जागा त्या मतदानात होती. या मुलीचीही.

"साहेब, आपण विकतो काय?" त्या म्हणाल्या. "बंदूक नाही, फौज नाही. सील तुटलं, असं आपण म्हटलं की जग मानतं, एवढंच आपल्याकडे आहे. उद्या कोणी खरोखर कोठी उघडली आणि आपण ओरडलो, तर म्हणतील, पैसे संपले वाटतं यांचे. मग निरीक्षक दुप्पट असले तरी काय उपयोग? आणि तिकडे एका खोलीत माणसं अडकलीयत. त्यांना मतदान संपेपर्यंत थांबा म्हणून कोण सांगणार? तुम्ही सांगता?"

महासंचालक उठले, पेनड्राइव्ह मुठीत घेतला आणि सभागृहाकडे चालू लागले.

*

वाढ नामंजूर झाली. नुसती नामंजूर नव्हे, हसून नामंजूर झाली. सकाळी पुढे सरसावलेल्या देशांनी आपले हात असे मागे घेतले की जणू ते कधी वर झालेच नव्हते. एकाने तर संस्थेचा खर्च आणखी तपासावा, अशी सूचना मांडली. प्रतिनिधीबाईंच्या भावाचा फोन लागला. त्या चौकशीबाईंजवळ आल्या, त्यांचा हात घट्ट दाबला, पण मतदानात त्यांनीही वाढीच्या विरोधात हात वर केला. वरून तसाच हुकूम होता.

बाहेर पडताना तोफ म्हणाली, "तुमचं बरोबर होतं, बाई. पण माझ्या निरीक्षकांना हे कसं सांगू, ते तेवढं सांगा." एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना कोणी कधी ऐकलं नव्हतं.

चौकशी विभाग मात्र वाचला. भाओजींच्या प्रकरणाची रीतसर चौकशी व्हायला हवी, आणि ती करायला माणूस हवा, म्हणून चौकशीबाईंची जागा पुढच्या वर्षापर्यंत ठेवली होती. हुकुमाचा कागद वाचून चौकशीबाईंना हसावं की रडावं कळेना. तो कागद त्यांनी तसाच परत केला. दिराची चौकशी मी करणार नाही, बाहेरचा माणूस आणा, म्हणून सांगितलं. बाहेरच्या माणसासाठी तरतूद नाही, असं उत्तर मिळालं.

मग त्या जावेकडे गेल्या. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि भाओजी स्वतःहून सांगतील यावर त्यांचा विश्वास नव्हता.

धाकट्या जावेने दार उघडलं. हात पिठाचे होते.

"ताई? या वेळी?"

"आत येऊ का?"

"असं काय विचारता?"

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चौकशीबाईंनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. मधे एकदा जावेने गॅस बंद केला.

"नोकरी गेली?" तिने शेवटी विचारलं.

"आज घरी बसवलंय. जाईल."

"पोलीस?"

"बहुतेक नाही. संस्थेलाही बोभाटा नको असेल."

"आणि हे तुम्हीच पकडलं."

"हो गं. मीच."

जाऊ हाताला चिकटलेलं पीठ बोटाने काढत राहिली.

"वर्षभर बोलत नव्हते माझ्याशी," ती म्हणाली. "मला वाटायचं, कुठे पैशांत हात अडकलाय. रोज वाटायचं, आज कोणीतरी येऊन सांगणार. पैसे खाल्ले नाहीत ना त्यांनी?"

"एकही नाही."

"खाल्ले असते तर बरं झालं असतं, ताई." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाजात नुसता वैताग होता. "निदान कडकडून भांडता तरी आलं असतं. आता या माणसाला मी काय बोलू?"

जिन्यात पावलं वाजली. दोघी उठल्या नाहीत. कुलपात किल्ली फिरली, आणि दार उघडायला नेहमीपेक्षा खूप वेळ लागला.